रणगाडा वळवायचा कसा?

रणगाड्याची गोष्ट निघाली की बोलणे बहुतेक वेळा दोनच मुद्द्यांवर येऊन थांबते: तोफ केवढी आणि चिलखत किती जाड. पुस्तकांतल्या तुलनाही याच दोन रकान्यांच्या असतात. पण दोन्ही महायुद्धांतल्या जड रणगाड्यांचा इतिहास बारकाईने पाहिला, तर असे दिसते की त्यांची खरी मर्यादा तिसऱ्याच गोष्टीने ठरवली. ती म्हणजे पुढच्या अरुंद जागेत बसलेल्या चालकाला हे धूड वळवायला किती जोर लागत होता. रणगाड्याला मोटारीसारखी वळणारी पुढची चाके नसतात. बैलगाडी वळवताना आतल्या अंगाचा बैल आवरून धरतात, तसा इथे एका बाजूचा पट्टा मंद करायचा आणि दुसरा चालू ठेवायचा. मात्र वळताना पट्ट्याची जमिनीला टेकलेली सगळी लांबी आडवी घासत सरकते. वजन जितके जास्त आणि रुंदीच्या मानाने लांबी जितकी अधिक, तितका जमिनीचा विरोध वाढतो. चिखलात तर विचारायलाच नको. चिलखताची जाडी कागदावर वाढवता येते, पण त्या वाढत्या टनांची किंमत दर वळणाला मोजावी लागते.

पहिल्या रणगाड्यात ही किंमत चार माणसे मिळून मोजत. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या फ्लेर-कुर्सलेतच्या लढाईत ब्रिटिशांचा मार्क वन प्रथम उतरला. वजन सुमारे २८ टन, डेमलरचे इंजिन १०५ अश्वशक्तीचे, आत आठ जण. इंजिन याच माणसांच्या मधोमध उघडे धडधडत असे, त्यामुळे उष्णता, धूर आणि कानठळ्या बसवणारा आवाज. चालक क्लच आणि मुख्य गिअर सांभाळी. शेजारी बसलेला अधिकारी दोन्ही बाजूंचे ब्रेक ओढी. मागे प्रत्येक पट्ट्याच्या दुय्यम गिअरवर एकेक माणूस. मोठे वळण घ्यायचे तर आधी रणगाडा थांबवायचा. मग चालक इंजिनाच्या झाकणावर ठोके देई आणि हाताने खूण करी. ती पाहून आतल्या बाजूचा गिअरवाला आपला पट्टा मोकळा करी, अधिकारी त्या बाजूचा ब्रेक आवळी आणि मगच रणगाडा वळे. म्हणजे गोळीबाराखाली यंत्र उभे करून चौघांनी खाणाखुणांवर एकमत करायचे. हलक्या वळणांसाठी मागे दोन चाकांची शेपटी जोडली होती, पण खड्ड्यांनी भरलेल्या रणभूमीवर तिचा उपयोग होईना म्हणून ती लवकरच काढून टाकली.

मार्च १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डबरी येथे रणगाडा वळवण्याच्या वेगवेगळ्या यंत्रणांची तुलनात्मक चाचणी झाली आणि वॉल्टर विल्सन यांची ग्रहीय गिअरांची रचना निवडली गेली. तीच मार्क फाइव्हमध्ये आली. ४ जुलै १९१८ ला हामेलच्या लढाईत हे रणगाडे उतरले, तेव्हा ते वळवायला एकटा चालक पुरेसा होता. अधिकाऱ्याचे हात ब्रेकमधून सुटले आणि तो लढाईकडे लक्ष देऊ लागला. माझ्या मते रणगाड्याच्या इतिहासात नव्या तोफेइतकेच या बदलाचे मोल आहे.

दुसऱ्या महायुद्धात वजने पुन्हा वाढली आणि जुना प्रश्न परतला. सोव्हिएत केव्ही-१ सुमारे ४५ टनांचा होता. १९४१ च्या उन्हाळ्यात त्याच्या चिलखतापुढे जर्मन रणगाडाविरोधी तोफा हतबल ठरत होत्या. पण चालकाच्या हाती होते ते दोन दांडे आणि ट्रॅक्टरच्या जमान्यातला गिअरबॉक्स. डावा दांडा ओढला की डाव्या पट्ट्याचा क्लच सुटे, आणखी ओढला की ब्रेक लागे. आतल्या पट्ट्याची गती ब्रेकमध्ये तापून वाया जाई आणि सगळा भार एकट्या बाहेरच्या पट्ट्यावर येई. वेग पडला की खालचा गिअर हवा आणि तो टाकणे हेच मोठे कष्टाचे काम. म्हणून अनेक चालक खालचा एकच गिअर धरून रेटत राहत. उतारावर आणखी एक धोका असे. नुसता क्लच सोडला तर तो पट्टा इंजिनाच्या आवरातून सुटून वेगाने धावू लागे आणि रणगाडा नेमका उलट्या बाजूला वळे. नवख्या चालकाला हे कळेपर्यंत कदाचित उशीर झालेला असे.

इथे एक आक्षेप रास्त आहे. जून १९४१ मध्ये लिथुआनियातल्या रासेनियाईजवळ एकाच केव्हीने रस्ता अडवून जर्मन सहाव्या पँझर डिव्हिजनच्या तुकडीला रोखून धरले होते. मग वळण्याचे एवढे कौतुक कशाला? पण उभ्या रणगाड्याने रस्ता अडवता येतो, शत्रूला गाठता येत नाही आणि माघारही घेता येत नाही. त्याच उन्हाळ्यात कितीतरी केव्ही शत्रूच्या गोळ्याने नव्हे, तर क्लच आणि गिअर निकामी झाल्याने रस्त्याकडेला सोडून द्यावे लागले. आणि सोव्हिएत अभियंत्यांनी स्वतःच याचा निकाल दिला. १९४२ मध्ये युद्ध ऐन भरात असताना त्यांनी केव्हीचे चिलखत काही ठिकाणी पातळ करून वजन उतरवले, नवा गिअरबॉक्स बसवला आणि केव्ही-१एस काढला. मरणाच्या दारात उभे असलेले सैन्य चिलखत कमी करते, ते उगाच नाही.

ब्रिटनमध्ये डॉ. हेन्री मेरिट यांनी डेव्हिड ब्राउन कंपनीबरोबर वेगळी वाट काढली. त्यांच्या यंत्रणेत आतल्या पट्ट्याची काढून घेतलेली गती वाया न जाता बाहेरच्या पट्ट्याला मिळे. प्रत्येक गिअरला वळणाचा आपला ठरावीक घेर असे आणि गिअर मोकळा ठेवला तर एक पट्टा पुढे, एक मागे फिरून रणगाडा जागच्या जागी वळे. चर्चिल रणगाडा सुमारे ४० टनांचा, इंजिन जेमतेम ३५० अश्वशक्तीचे, वेग बेताचा. तरी एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या लाँगस्टॉप टेकडीवर, जिथे रणगाडा चढेल असे जर्मनांना वाटले नव्हते, तिथे चर्चिल चढले. चढावर वळताना शक्ती वाया न जाण्याचा हा फायदा नुसते अश्वशक्तीचे आकडे पाहून लक्षात येत नाही.

जर्मन टायगरने याच तत्त्वाला आणखी नाजूक रूप दिले. ५७ टनांचा रणगाडा, आणि चालकापुढे चक्क स्टिअरिंगचे चाक. द्रवदाबाच्या साहाय्याने ते हलक्या हाताने फिरे. पुढे जाण्याचे आठ गिअर होते, हवा तो आधी निवडून ठेवला की यंत्रणा तो स्वतः टाके. दर गिअरला वळणाचे दोन घेर. यंत्रणा बिघडलीच तर आणीबाणीसाठी दोन दांडे वेगळे. या सोयीचा संबंध थेट चिलखताशी होता. टायगरच्या सचित्र माहितीपुस्तिकेत सैनिकांना शिकवले जाई की शत्रूसमोर नाक सरळ धरू नका, रणगाडा तिरका उभा करा, म्हणजे गोळ्याला पोलादाची जास्त जाडी भेदावी लागेल. चालकाला झटकन आणि अचूक वळता आले तरच पुढच्या १०० मिलिमीटर चिलखताचा पुरता उपयोग होई.

यावर कुणी म्हणेल की एवढी सुबक यंत्रणा असून टायगर तर जागोजाग सोडून द्यावे लागले. खरे आहे, आणि हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. चालकाच्या दंडावरचा भार नाहीसा झाला नव्हता, तो पोलादी दात्यांवर गेला होता. हलक्या हाताने फिरणारे चाक चालकाला हे सांगत नव्हते की खाली ५७ टन चिखलाशी झगडत आहेत. बेपर्वाईने वळवले की चाकांना शक्ती पोचवणारे शेवटचे गिअर झिजत वा तुटत. मग असा रणगाडा ओढायला १८ टनी वर्गाचे दोन-तीन ट्रॅक्टर एकत्र जोडावे लागत. युद्धाच्या शेवटी इंधन आटले, चालकांचे प्रशिक्षण तोकडे पडले, तेव्हा हा दोष अधिकच महागात पडला. म्हणून मूळ मुद्दा ढासळत नाही. जड रणगाडा वळवण्याची किंमत चुकत नाही. ती माणसाने द्यायची की यंत्राने, आणि यंत्र तेवढे मजबूत आहे का, एवढेच रचनाकाराच्या हाती असते.

आपल्याकडे मेरिट यांच्या यंत्रणेची परंपरा रणगाड्यांबरोबरच आली. १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबमधल्या असल उत्तर येथे पॅटन रणगाड्यांशी झुंजलेल्या भारतीय सेंच्युरियन रणगाड्यांमध्ये मेरिट-ब्राउन गिअरबॉक्स होता. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल आणि सेंच्युरियन दोन्ही पाहायला मिळतात. तिथे गेलात तर तोफेपाशी फोटो काढून झाल्यावर पट्ट्यांची लांबी आणि दोन पट्ट्यांमधली रुंदी ताडून पाहा, चालकाची खिडकी केवढीशी आहे तेही पाहा. त्याच ठिकाणी विजयंताही आहे, आणि चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या या रणगाड्याचा गिअरबॉक्स मेरिट-विल्सन पद्धतीचा आहे.