ओटा फोडण्याआधी

स्वयंपाकघराचं काम काढलं की आधी ग्रॅनाइट, टाइल्स आणि मिस्त्रीच्या मजुरीचा हिशेब होतो. गॅस, वीज, पाणी बंद करणं आठवतं ते मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन दारात उभा राहिल्यावर. हे काम आदल्या दिवशीच उरकावं. मोर्शीतल्या घरांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लाईन जाते म्हणून इन्व्हर्टर आहे. सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण जवळ असलं, तरी नळ ठरल्या वेळीच येतो म्हणून गच्चीवर टाकी आहे. वीज आणि पाणी, दोन्ही दोन वाटांनी घरात येतात. एक वाट बंद करून भागत नाही.

सुरुवात गॅसपासून. शेगडी पेटती ठेवूनच रेग्युलेटर बंद करा. नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते. मग शेगडीचे कॉक बंद करा. रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीची पांढरी टोपी घट्ट बसवा. भरलेलं दुसरं सिलिंडरही हलवा. दोन्ही उभीच ठेवा, मोकळ्या हवेत, रंग-थिनरपासून लांब. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत आणि ओट्याखाली साचतो. वास आला तर विजेचं कोणतंही बटण चालू-बंद करू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

आता वीज. फ्रिज, मिक्सर, फिल्टर यांचे प्लग काढा. फ्रिज उभाच सरकवा. मग स्वयंपाकघराचा एमसीबी खाली करा. खरा धोका यापुढे आहे: त्या खोलीचा दिवा किंवा एखादा पॉइंट इन्व्हर्टरवर असेल, तर एमसीबी पाडूनही तिथे २३० व्होल्ट राहू शकतात. म्हणून इन्व्हर्टरची लाइन इलेक्ट्रिशियनकडून वेगळी करून घ्या. खात्री करताना टेस्टर आधी हॉलमधल्या चालू सॉकेटमध्ये लावून पाहा. तिथे तो पेटला, तरच स्वयंपाकघरात न पेटण्याला अर्थ आहे. सॉकेटची दोन्ही छिद्रं तपासा, बटण चालू आणि बंद, दोन्ही स्थितीत. उघड्या वायरींना टेप लावून घ्या. मीटरच्या सीलला हात लावू नका; ते महावितरणचं काम. बोर्डावर ‘काम सुरू, चालू करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि घरातल्या लहान-थोरांना सांगून ठेवा.

पाण्यासाठी गच्चीवरच्या टाकीचा वॉल बंद करा आणि सिंकची तोटी धार थांबेपर्यंत उघडी ठेवा. थेट नळाची तोटीही स्वयंपाकघरात असेल, तर तिचा कॉक वेगळा बंद करा. नाहीतर पहाटे नळ येईल आणि सिमेंट वाहून जाईल. फिल्टरचं पाणी बंद करून आतली टाकी रिकामी करा. तोडलेल्या पाइपांना डमी लावा. सांडपाण्याच्या पाइपात गोणपाटाचा बोळा घट्ट कोंबा, म्हणजे मलबा आत जाणार नाही.

काम संपल्यावर रबरी नळीवरची तारीख पाहा. पाच वर्षं झाली असतील तर नळी बदला. नव्या जोडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून ती कधीही तपासू नका.