‘वारा’ वर चढलाय, डॉक्टर!

सकाळी उठलात, चक्कर आली, कान वाजले, मान आखडली. आपण काय म्हणतो? ‘गॅसेस झालेत’, ‘बीपी असेल’, नाहीतर सरळ ‘टेन्शन, यार!’ अमेरिकेत स्थायिक झालेले कंबोडियन निर्वासित म्हणतात, ‘ख्याल’ चढलाय. (गाण्यातला ख्याल नव्हे हं!) हा ख्याल म्हणजे शरीरातला वारा. तो रक्ताबरोबर वर चढला की मानेतल्या शिरा फुटतील, ही त्यांची धास्ती. आणि या धास्तीनंच अटॅक आणखी वाढतो.

त्यामागची गोष्ट भयंकर आहे. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत उपासमार, सक्तमजुरी आणि कत्तलींनी 15 ते 20 लाख माणसांचा बळी घेतला. वाचलेल्यांपैकी अनेकजण मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल शहरात येऊन राहिले. जखम मनाला, पण डॉक्टरकडे तक्रार मानेची!

घरगुती उपाय काय, तर अंगावर नाणं घासायचं. त्याचे लाल वळ पाहून डॉक्टरांना मारहाणीचा संशय यायचा. त्यात भाषेची बोंब. मग दुभाषा कोण? शाळेत जाऊन इंग्रजी शिकलेलं पोर! आईनं काय भोगलं, हे बारा वर्षांच्या मुलीनं डॉक्टरला सांगायचं? अशा वेळी आई मुलीसमोर बोलतच नाही. बोललीच, तर ते ओझं मुलीच्या डोक्यावर. 2016 च्या अमेरिकी नियमांनी सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना, इमर्जन्सी वगळता, लहान मुलांना दुभाषा करायला मनाई केली.

मग काम कशानं होतं? बोस्टनमध्ये 1981 साली रिचर्ड मोलिका आणि सहकाऱ्यांनी निर्वासितांसाठी क्लिनिक काढलं, तेव्हा त्याच समाजातली माणसं टीममध्ये घेतली. लोवेलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डेव्हन हिंटन यांनी ‘वाऱ्या’ला हसण्यावारी न नेता पेशंटशी त्याच्याच शब्दांत बोलून उपचार बसवले. स्ट्रेचिंग, शांत बसणं, भीतीची उकल. 2013 साली ‘डीएसएम-5’ या अमेरिकी मानसोपचाराच्या हँडबुकातही ‘ख्याल अटॅक’ची नोंद झाली.

आपल्याकडेही ‘जीव घाबरतो’, ‘पोटात गोळा येतो’ असंच म्हणतात ना? तेव्हा घरात किंवा ऑफिसात कुणी असं म्हणालं, तर लगेच ‘काही नाही रे, ॲसिडिटी!’ म्हणून मोकळं होऊ नका. शरीराची तपासणी करून घ्याच, पण सोबत एवढंही विचारा, ‘तुला नक्की कशाची भीती वाटते?’