‘कॅरिअर’ आहे, आजारी नाही

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची एकवीस वर्षांची मुलगी नाशिकला होस्टेलवर राहून शिकते. कॉलेजातल्या तपासणी शिबिरात तिचे रक्त घेतले गेले आणि काही दिवसांनी रिपोर्ट हातात आला. त्यावर दोन इंग्रजी शब्द होते : सिकलसेल कॅरिअर. तिने ते फोनवर घरी वाचून दाखवले. आईला वाटले, लेकीच्या ‘करिअर’बद्दल काहीतरी चांगले लिहून आले आहे. मुलीने मात्र मोबाइलवर शब्दाचा अर्थ शोधला. पहिलाच अर्थ निघाला : रोगाचे जंतू वाहून नेणारी व्यक्ती. त्या रात्रीपासून तिने आपले ताट आणि पेला वेगळा ठेवला. जमत आलेल्या सोयरिकीतही बातमी पोहोचली. मुलाकडून निरोप आला, “थोडं थांबू.” आठवड्याभराने वडील तिला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येऊन बसले.

तसा ‘कॅरिअर’ मराठी माणसाला परका नाही. सायकलच्या मागचे कॅरिअर, जीपच्या टपावरचे कॅरिअर, ज्यावर ओझे बांधायचे ते. गंमत म्हणजे आईची गल्लतही अगदीच अस्थानी नव्हती. ‘कॅरिअर’ आणि ‘करिअर’ हे दोन्ही शब्द ‘गाडी’ अशा अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले आहेत. एक ओझे वाहणारा झाला, दुसऱ्याचा अर्थ आधी गाडीरस्ता होता, पुढे आयुष्याची वाटचाल झाला.

घोटाळा होतो तो वैद्यकात. तिथे हा शब्द दोन अगदी वेगळ्या माणसांसाठी वापरतात. पहिला जंतूंचा कॅरिअर. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण याचे गाजलेले उदाहरण. तिला स्वतःला काही त्रास नव्हता, पण तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू होते आणि ती जिथे स्वयंपाक करी तिथली माणसे आजारी पडत. १९०७ मध्ये तिला वेगळे ठेवले, मग सोडले. १९१५ मध्ये पुन्हा ताब्यात घेतले ते १९३८ मध्ये मरेपर्यंत. ‘हिपॅटायटिस बी’चा कॅरिअर म्हणतात तोही याच जातीचा. त्याच्या रक्तातून आणि शरीरसंबंधातून विषाणू दुसऱ्याकडे जाऊ शकतो, एका ताटात जेवल्याने नव्हे. मुलीने मोबाइलवर वाचलेला अर्थ खोटा नव्हता. तो तिचा नव्हता, इतकेच.

सिकलसेलचा कॅरिअर जंतू वाहत नाही, जनुक वाहतो. हिमोग्लोबिन बनवण्याची एक सूचना आपल्याला आईकडून मिळते, एक वडिलांकडून. दोन्ही सूचना सिकलच्या असतील तर तो आजार. रिपोर्टवर ‘एसएस’ असे येते. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. एरवी सुमारे १२० दिवस टिकणारी पेशी दोन-तीन आठवड्यांतच मोडते. असह्य कळा, रक्तक्षय, कावीळ, वारंवार जंतुसंसर्ग असा हा खडतर आजार आहे आणि त्यावर हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे नियमाने घ्यावी लागतात. एकच सूचना सिकलची आणि दुसरी नेहमीची असेल तर ‘एएस’, म्हणजे कॅरिअर. त्याच्या रक्तात निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन नेहमीचेच असते. शरीरातले पाणी फार कमी होऊ न देणे, अतोनात श्रम बेताने करणे, लघवीत रक्त दिसल्यास दाखवणे, एवढी काळजी पुरते. ‘एएस’चे पुढे ‘एसएस’ होत नाही.

इंग्रजीऐवजी मराठी शब्द वापरला की प्रश्न मिटला, असे आपले फलक धरून चालतात. फलकावर असते ‘सिकलसेल वाहक’. पण सुरगाण्याच्या एसटीत तिकीट देतो तो वाहक, विज्ञानाच्या पुस्तकात तांब्याची तार विजेची वाहक आणि हिवताप पसरवणारा डासही वाहकच. मुलीला डासाच्या पंगतीत बसवणारा शब्द, मग तो मराठी असो की इंग्रजी, समजावून सांगावाच लागतो. त्याला दोन मिनिटे लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच वाचवली जातात.

“पोरगी दणकट आहे, डॉक्टरसाहेब. हा रोग आला कुठून?” वडिलांनी विचारले. रोग आलेलाच नाही, आणि जे आले ते तुमच्याकडून किंवा हिच्या आईकडून, असे उत्तर मिळाल्यावर ते गप्प झाले. त्यांचेही रक्त तपासले. तेच ‘एएस’ निघाले. पन्नाशी ओलांडलेला, आजही भातलावणीत दिवसभर वाकून उभा राहणारा माणूस. मुलीला शब्दाचा अर्थ तेव्हा खरा कळला.

सोयरिकीचा हिशोब मात्र नीट करायला हवा. एक जण कॅरिअर आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन नेहमीचे असेल, तर मुले कॅरिअर होऊ शकतात, सिकलसेलचे रुग्ण होत नाहीत. दोघेही कॅरिअर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. जोडीदार थॅलेसेमियाचा कॅरिअर असला तरी धोका असतो. म्हणून नुसती सोल्युबिलिटी चाचणी पुरत नाही. ती पॉझिटिव्ह आली तरी ‘एएस’ की ‘एसएस’ हे सांगत नाही आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. एचपीएलसी ही पुढची तपासणी करावी लागते.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांत हे जनुक आढळते, यात कुठल्या जमातीचा दोष नाही. एक सिकल जनुक असलेल्या मुलांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. हिवतापाच्या रानात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते म्हणूनच. देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. म्हणजे हा शब्द यापुढे कितीतरी घरांत पोहोचणार आहे.

निघताना मुलीने रिपोर्ट पुन्हा पुढे केला. “खाली मराठीत लिहून द्या. तिकडे वाचून दाखवता येईल.” डॉक्टरांनी लिहिले : ‘हा आजार नाही. कोणालाही लागत नाही. मुलाची एचपीएलसी तपासणी करून घ्यावी.’ वडिलांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि विचारले, “मुलाचं रक्त इथं आणायचं, की तिकडं सुरगाण्यातच घेतात?”