पाळेवरची वाट : अंबत्तूर ते गुडियम

मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी अरक्कोणम सोडते तेव्हा डब्यात सामान आवरण्याची घाई सुरू होते. तिरुवळ्ळूर, आवडी, अंबत्तूर, कोरत्तूर, विल्लिवाक्कम ही स्टेशने भराभर मागे पडतात. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यावर तीनच वर्षांनी, १८५६ साली, दक्षिणेतली पहिली रेल्वे रायपुरमहून वालाजा रोडपर्यंत धावली ती याच मार्गाने. अंबत्तूरची आजची ओळख कारखान्यांची आहे. हर्क्युलस आणि बीएसए सायकली इथल्याच. १९६४ मध्ये इथे मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि २०११ मध्ये हे गाव चेन्नई महापालिकेत आले.

याच लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना चालणाऱ्यांसाठी एक समृद्ध प्रदेश पसरलेला आहे. अंबत्तूर, कोरत्तूर, अयनंबाक्कम आणि आवडीजवळचे परुत्तिपट्टू हे तलाव हाकेच्या अंतरावर आहेत. उत्तरेला पुळलचा विस्तीर्ण जलाशय आहे. लोकलने तिरुवळ्ळूरला उतरून पुढे गेले की पूंडीचे धरण आणि त्यामागे अल्लिकुळी टेकड्यांचे काटेरी रान लागते. इथल्या वाटा, विशेषतः तलावांच्या मातीच्या पाळेवरून जाणाऱ्या, सोप्या आहेत. आजी, नातू आणि गुडघे दुखणारा मामा या तिघांनाही त्या झेपतात.

पाळ सपाट का असते?

चेन्नईभोवतीचा मुलूख पश्चिमेकडून समुद्राकडे अगदी मंद उतरत जातो. या उताराचा उपयोग करून शेकडो वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी ‘एरी’ म्हणजे तलाव बांधले. उताराच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखी मातीची पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे, मोरीतून ते भातखाचरांना द्यायचे आणि सांडव्यावरून जादा झालेले पाणी खालच्या तलावात सोडायचे. अशी तलावांची साखळीच तयार झाली. अंबत्तूरचे जादा पाणी कोरत्तूरकडे जाते ते याच रचनेमुळे. आपल्याकडे भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांची जडणघडण ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे लगेच उमगेल.

पाळेचा माथा सर्वत्र एका पातळीत ठेवावा लागतो. एक जागा जरी खचली, तरी पाणी तिथूनच फुटते. म्हणून पाळेवरून चालताना ना चढ लागतो ना उतार. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पूर्वी भाताची शेते आणि आता बहुतेक ठिकाणी घरे.

ही वाट फिरायला म्हणून कोणी केलेली नव्हती. गावाने नेमलेला ‘नीरकट्टी’ रोज पाळेवरून फिरे. मोरी उघडणे, पाण्याची पाळी ठरवणे, भगदाड दिसले तर गावाला हाक देणे ही त्याची कामे. खानदेशातल्या फड पद्धतीत पाटकरी जे करतो, तेच हा करत असे. गाळ काढायला आणि पाळ दुरुस्त करायला सगळे गाव उतरे. या रीतीला ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात. पाळ टिकली ती मातीच्या जाडीइतकीच तिच्यावरून रोज फिरणाऱ्या पावलांमुळे.

अंबत्तूरच्या शेतांची जागा कारखान्यांनी आणि वसाहतींनी घेतली, तसे नीरकट्टीचे काम संपले. पाळेवर कोणी फिरेना. मग तलावाकडे पाठ करून घरे उभी राहिली आणि पाण्यात सांडपाणी येऊ लागले. कोरत्तूरच्या रहिवाशांनी याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. तलाव हा आपल्या वस्तीचा आहे, असे मानणाऱ्या लोकांनी चिकाटीने चालवलेला हा लढा आहे. परुत्तिपट्टूला तलावाकाठी चालण्याचा मार्ग आणि उद्यान झाले. तिथे सकाळ-संध्याकाळ माणसांचा राबता असतो.

पावसाचे उलटे वेळापत्रक

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आपल्याकडचा पाऊस परतलेला असेल. चेन्नईत तो तेव्हाच रंगात येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या ईशान्य मोसमी पावसावर इथले तलाव भरतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुखद असते आणि तलाव भरलेले असतात. इथे चालायचे ते याच दिवसांत. वारकरी, हळदीकुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, चित्रबलाक आणि झोळीवाले हे सगळे आपल्या ओळखीचे पक्षी इथे भेटतात. एप्रिलनंतरच्या उन्हात मात्र सकाळी आठनंतर पाळेवर थांबू नये.

हा पाऊस लहरी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पुरात बुडाली. चारच वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराला पाणी पुरवणारे पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले. त्या जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वेगाडी आली, ती विल्लिवाक्कमला रिकामी झाली. अंबत्तूरपासून हे स्टेशन जेमतेम तीन थांब्यांवर. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी ज्यांना आठवते, त्यांना त्या दृश्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

महाबळेश्वरचे पाणी पूंडीत

पूंडीचे धरण कोसस्थलैयार नदीवर आहे. ते १९४४ मध्ये पूर्ण झाले. मद्रासचे महापौर राहिलेले स्वातंत्र्यसैनिक एस. सत्यमूर्ती यांचे नाव या जलाशयाला दिले आहे. इथे उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट माहीत हवी. या पाण्यात कृष्णेचाही वाटा आहे.

१९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या हिश्श्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रासच्या तहानेसाठी द्यायचे मान्य केले. पुळल जलाशयाची क्षमता ३.३ टीएमसी आहे. म्हणजे एकट्या महाराष्ट्राने कबूल केलेले पाणी पुळलच्या दीडपट भरते. हे पाणी श्रीशैलमहून सोमशिला आणि कंडलेरू जलाशयांत येते आणि तिथून कालव्याने पूंडीला पोहोचते. १९९६ मध्ये ते पहिल्यांदा पूंडीत आले. पुढे कालवा खचला आणि पाणी झिरपून जाऊ लागले, तेव्हा सत्यसाईबाबांच्या न्यासाने दुरुस्तीचा खर्च उचलला. महाबळेश्वरी उगम पावलेली नदी पूर्व किनाऱ्यावरच्या शहराची तहान भागवते, यामागे राज्याराज्यांतला एक समंजस करार आहे. पाण्यावरून राज्ये भांडतात हे आपण रोज वाचतो. हा करारही तितकाच वाचला जायला हवा.

टेकड्यांतले आदिमानवाचे घर

पूंडीच्या परिसरात ज्या मातीवरून आपण चालतो, ती मानवाच्या इतिहासातली फार मोलाची माती आहे. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना मे १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरमला एक दगडी हातकुऱ्हाड सापडली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी आणि विल्यम किंग यांनी पूंडीजवळचे अत्तिरंपाक्कम हे स्थळ शोधले. भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात इथून झाली. हेच फूट पुढे दक्षिण महाराष्ट्र आणि बेळगाव भागात हिंडले आणि १८७६ मध्ये त्या प्रदेशाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

अत्तिरंपाक्कमच्या अवजारांचे वय ठरवण्याचे काम अलीकडच्या काळात डॉ. शांती पप्पू आणि डॉ. कुमार अखिलेश यांच्या गटाने केले. शांती पप्पू पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेतल्या. २०११ मध्ये त्यांनी मांडले की, इथली सर्वांत जुनी अवजारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. २०१८ मध्ये त्यांनी दाखवले की, मध्य पुराश्मयुगाचे तंत्र इथे सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी अवगत झाले होते. आधुनिक मानव आफ्रिकेतून बाहेर पडल्यावरच असे तंत्र भारतात आले, ही समजूत त्यामुळे नव्याने तपासावी लागली.

माणूस इथेच का राहिला याचे उत्तर याच टेकड्यांतल्या गुडियमच्या गुहांकडे जाणाऱ्या वाटेवर पायाखालीच मिळते. अल्लिकुळी टेकड्या गोटेमिश्रित खडकाच्या आहेत. त्यात क्वार्ट्झाइटचे गुळगुळीत गोटे ठासून भरलेले. खडक झिजला की गोटे सुटून खाली येतात. हा दगड कठीण, पण नीट ठोकला तर धारदार कपचा देणारा. जवळच नदी, खडकाखाली आडोसा आणि हत्यारांसाठी हवा तेवढा कच्चा माल. १९६२ ते १९६४ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. डी. बॅनर्जी यांनी गुडियमच्या गुहांमध्ये उत्खनन केले. पूंडीला राज्य पुरातत्त्व खात्याचे छोटे संग्रहालय आहे. आधी ते पाहावे आणि मग रानात शिरावे, म्हणजे वाटेवरचा गोटा नुसता गोटा राहत नाही. मात्र तो जिथे आहे तिथेच असू द्यावा.

गुडियम गावातून गुहांकडे जाणारी पायवाट राखीव जंगलातून जाते. करवंदाच्या जाळ्या आणि काटेरी झुडपे यांमधून ती हळूहळू चढते. मोठ्या गुहेत खडकाचा प्रचंड सज्जा पुढे आलेला आहे आणि त्याखाली ग्रामदेवतेचे ठाणे आहे. गावकरी तिथे पूजेला जातात. अश्मयुगातल्या माणसाने निवडलेला आडोसा आजही गावाच्या श्रद्धेत जागा राखून आहे.

वाट कोणाची?

तमिळनाडूने जंगलवाटांच्या बाबतीत मोठी किंमत मोजली आहे. मार्च २०१८ मध्ये तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या वणव्यात ट्रेकला गेलेल्या २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर नियम कडक झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या वनखात्याने ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना सुरू करून ४० वाटा ऑनलाइन नोंदणीने खुल्या केल्या. वाटांची सोपी, मध्यम, अवघड अशी वर्गवारी आहे आणि सोबत स्थानिक व आदिवासी तरुण वाटाडे असतात. गुडियमची वाटही या यादीत आहे. वणव्याच्या दिवसांत वाटा बंद ठेवल्या जातात. हे योग्यच आहे.

पण नियम वाट बंद करण्यासाठीच असतात असे नाही. स्कॉटलंडच्या सरोवरांकाठच्या वाटा जगभर नावाजल्या जातात. त्यामागे २००३ चा कायदा आहे. जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतांश जमिनीवर आणि पाण्यावर मुक्तपणे वावरण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. वाट निसर्गात आपोआप असते, पण ती लोकांची राहावी यासाठी नियम करावे लागतात.

महाराष्ट्राची भटकंती कड्या-कपाऱ्यांची. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण अवघड चढालाच मान द्यायच्या सवयीने आपण घरातल्या निम्म्या माणसांना निसर्गापासून दूर ठेवले आहे. रंकाळा, अंबाझरी, पाषाण, नवेगावबांध आणि गावोगावचे तलाव आपल्याही दारात आहेत. जिथे माणसे रोज चालतात, तिथे भराव टाकणारा सहज सापडतो आणि सांडपाण्याची नळी लपत नाही. पाळेवरून नियमाने चालणारा प्रत्येक जण आजचा नीरकट्टी आहे.

म्हणून नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना आग्रहाची विनंती : तलावाच्या सुशोभनावर खर्च करण्याआधी त्याची पाळ पायी चालणाऱ्यांसाठी सलग मोकळी करा. आणि वाचकहो, या दिवाळीत घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला बरोबर घेऊन आपल्या गावच्या तलावाच्या पाळेवर चालायला जा. जिथे वाट अडवलेली दिसेल, तिथे ती का अडली, हे पालिकेला लेखी विचारा.