पाऊस नव्हे, पाखरं!

नेदरलँड्समध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घरोघरची माणसं रस्त्यावर येऊन फटाके उडवत आली आहेत. त्याच वेळी तिथल्या हवामान रडारवर एक चमत्कार दिसतो. आभाळ कोरडं ठणठणीत, तरी पडद्यावर काहीतरी दाटून येतं आणि वर वर चढू लागतं.

रडार लहरी सोडतं आणि कशावर तरी आदळून परतलेल्या लहरी टिपतं. पावसाचा थेंब त्या परतवतो, तसंच पक्ष्याचं अंगही परतवतं, कारण तेही बरंचसं पाणीच! हवामानवाले पक्ष्यांच्या या खुणा कचरा म्हणून गाळून टाकतात. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या ज्युडी शमून-बरानेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका तोच कचरा वाचला. २०११ साली त्यांनी मांडलेलं चित्र असं: बारा वाजून काही मिनिटं होतात न होतात तोच हजारो पाखरं झोपेतून दचकून उठतात, ५०० मीटर उंची गाठतात आणि पाऊण तासभर अंधारात घिरट्या घालत राहतात. सर्वांत मोठे थवे उठतात ते कुरणांवरून आणि पाणथळींवरून. पक्ष्यांसाठी राखून ठेवलेल्या जागांवरूनसुद्धा.

२०२३ मध्ये आणखी एक अभ्यास आला. आतषबाजीच्या आसपास त्या रात्री एरवीपेक्षा सरासरी हजारपट पक्षी हवेत असतात, आणि गडबड थेट १० किलोमीटरपर्यंत जाणवते. म्हणजे माळ पेटते एका गावात आणि बदक उडतं तिसऱ्याच गावच्या तळ्यावरून! कडाक्याच्या थंडीत अशी उड्डाणं म्हणजे साठवलेल्या चरबीची उधळपट्टी. कधी जिवावरही बेततं. २०१० च्या ३१ डिसेंबरला अमेरिकेत अर्कान्सामधल्या बीबी गावात फटाक्यांनी बिथरलेले हजारो ब्लॅकबर्ड अंधारात घरांवर, झाडांवर आपटून मेले. या पक्ष्यांना रात्री धड दिसत नाही.

घरातल्या कुत्र्यामांजरांचं त्या मानाने सोपं. कुत्र्याला आपल्यापेक्षा दुपटीहून उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, म्हणून खिडक्या लावाव्यात, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा, त्याला बांधू नये, लपायला कोपरा द्यावा. पलंगाखाली शिरला तर ओढून काढू नये, एवढं तरी कराच. तळ्यावरच्या बदकाला कुठला आलाय पलंग?

आपल्याकडे तर योग भलताच अवघड. दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला उतरू लागतात तेही याच सुमारास. तमिळनाडूत वेट्टंगुडी पक्षी अभयारण्यालगतच्या गावकऱ्यांनी हा पेच केव्हाच सोडवला. पाखरांसाठी ते कित्येक वर्षं दिवाळीत फटाके वाजवत नाहीत. माझ्या मते रोषणाईवर कुणाचा राग नसावा. खरी खोड आहे ती धडाक्याची. तेव्हा तुमच्या गावाजवळ तळं, धरण किंवा खाडी असेल, तर यंदा पणत्या, फुलबाज्या हव्या तेवढ्या लावा. सुतळी बॉम्ब आणि हजाराची माळ मात्र दुकानातच राहू द्या.