विश्लेषण : धर्म न पाळणारा ज्यू ज्यूच कसा राहतो? बेने इस्रायलींचा अनुभव काय सांगतो?

पुण्याहून पानशेतला जाणारा रस्ता खडकवासला धरणाच्या पाण्याला लागून जातो. पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा (एनडीए) परिसर आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीस या प्रबोधिनीचे प्रमुख होते रिअर अॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन. १९६५च्या युद्धात भारतीय ताफ्याचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. सॅमसन हे बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी भाषक ज्यू समाजातले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले. त्याच वर्षी इस्रायलमध्ये मात्र सॅमसन यांच्या समाजातील तरुण-तरुणींचे विवाह लावायचे की नाही, यावर धर्मपीठात खल सुरू होता. एक देश या समाजातील अधिकाऱ्याकडे आपले भावी सेनाधिकारी सोपवत होता, तर दुसऱ्या देशातील धर्मगुरू त्याच समाजाला ‘तुम्ही ज्यू आहात का?’ असे विचारत होते. ज्यू असणे म्हणजे धर्म, वंश, संस्कृती की नागरिकत्व, हा जगभर गाजणारा वाद महाराष्ट्राच्या इतक्या जवळून गेला आहे.

बेने इस्रायली कोण?

समाजाच्या परंपरेनुसार कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळ नवगाव येथे एक गलबत फुटले. त्यातून वाचलेली सात जोडपी हे त्यांचे पूर्वज. पुढच्या पिढ्या कोकणातल्या गावोगावी पसरल्या, तेलाच्या घाण्यावर काम करू लागल्या. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले गेले. हिब्रू विसरली गेली. उरले ते शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. आडनावे गावांवरून पडली. दिव्याचे दिवेकर, किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. मुंबईत १७९६मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी समाजाचे पहिले सिनॅगॉग उभारले. वल्हांडणाच्या सणाला वाचला जाणारा ‘हगादा’ हा ग्रंथ १८७४मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला, तेव्हा त्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात दाखवल्या होत्या.

श्रद्धा नसेल तर ओळख उरते का?

ज्यू धर्मशास्त्रानुसार ज्यू आईच्या पोटी जन्मलेली व्यक्ती ज्यू असते, मग ती प्रार्थना करो वा न करो. त्यामुळे ‘देव न मानणारा ज्यू’ या शब्दांत विरोधाभास नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२०च्या पाहणीत तेथील ज्यू प्रौढांपैकी सुमारे २७ टक्के लोकांनी ‘आपला धर्म कोणताही नाही, पण आपण ज्यू आहोत’ अशा अर्थाचे उत्तर दिले. इस्रायलमध्ये तर ‘हिलोनी’, म्हणजे धर्मनिरपेक्ष ज्यूंचा गट सर्वांत मोठा आहे.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कवी निसीम इझिकेल (१९२४-२००४) यांचे. मुंबईतल्या बेने इस्रायली घरात ते वाढले. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई शाळा चालवणारी, घरातले वातावरण बरेचसे धर्मनिरपेक्ष. तरुणपणी ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात सक्रिय होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या या कवीने आपले ज्यू असणे लपवले नाही आणि मुंबई हेच आपले ठिकाण मानले. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना ज्या संग्रहासाठी मिळाला, त्याच्या नावातच बायबलमधील स्तोत्रांचा उल्लेख आहे. श्रद्धा पातळ झाली तरी आठवण, भाषा आणि समाजातले स्थान मागे उरते, हे त्यांच्या उदाहरणातून दिसते.

राजकारणात समाज कोणत्या बाजूला होता?

एकाच बाजूला नव्हता. १८९७मध्ये बाझल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरली, तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलींनी तिचे निमंत्रण स्वीकारले नाही. परतीची वेळ देव ठरवेल, अशी त्यांची भूमिका होती. देशातील राजकारणातही मतभेद होते. १९१७मध्ये समाजात ‘बेने इस्रायल परिषद’ आणि ‘अखिल भारतीय इस्रायली लीग’ अशा दोन संघटना उभ्या राहिल्या. लीगच्या धुरिणांपैकी बॅ. डेव्हिड एरुळकर हे १९१६च्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या बचावासाठी जिनांबरोबर उभे राहिले होते. त्यांचे बंधू डॉ. अब्राहम एरुळकर यांनी महात्मा गांधींवर उपचार केले. परिषदेचे डॉ. ई. मोझेस १९३७मध्ये मुंबईचे महापौर झाले. वरळीतला रस्ता त्यांच्याच नावाचा आहे. दुसरीकडे, ब्रिटिशांच्या नोकरीत आणि पलटणीत असलेली कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. ज्यू म्हणून एकच राजकीय मत असते, हा समज इथे टिकत नाही.

इस्रायलमध्ये सत्याग्रह का करावा लागला?

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात सुमारे २० हजार बेने इस्रायली होते. १९४८नंतर त्यांतील बहुतेक हळूहळू इस्रायलला गेले. तेथे काम, घर आणि वागणूक यांत दुजाभाव होतो, अशी तक्रार करत काहींनी पन्नाशीच्या दशकारंभी उपोषण आणि ठिय्या आंदोलन केले. १९५२मध्ये शंभराहून अधिक जण भारतात परतलेही. पुढे प्रश्न विवाहांचा आला. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. फेब्रुवारी १९६२मध्ये धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करूनच विवाह नोंदवावेत, असे निर्देश दिले. शतकानुशतके इतर ज्यूंपासून दूर राहिल्याने त्यांच्या विवाह-घटस्फोटांबाबत शंका आहे, असे कारण दिले गेले. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये समाजाने ठिय्या दिला. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव केला आणि धर्मपीठाला निर्देशांतून समाजाचे नाव काढावे लागले.

कायदा काय सांगतो?

इस्रायलच्या १९५०च्या परतीच्या कायद्यानुसार प्रत्येक ज्यूला तेथे स्थायिक होता येते. १९६२मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर ऑस्वाल्ड रुफायझन यांचे प्रकरण आले. ते जन्माने ज्यू, पण कॅथलिक संन्यासी झालेले. या कायद्याखाली त्यांना ज्यू मानता येणार नाही, असा निकाल लागला. म्हणजे नास्तिक ज्यू चालतो, धर्मांतरित चालत नाही. १९७०च्या दुरुस्तीने ज्यूंची मुले आणि नातवंडे यांनाही हा हक्क मिळाला. त्यामुळे वडील ज्यू आणि आई अन्य धर्माची असलेली व्यक्ती इस्रायलची नागरिक होऊ शकते, पण धर्मपीठ तिचा विवाह ज्यू म्हणून लावत नाही. नागरिकत्वाची आणि धर्माची व्याख्या अशी वेगळी झाली आहे.

महाराष्ट्रात आज स्थिती काय?

२०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे साडेचार हजार ज्यू होते, त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. राज्य सरकारने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत मात्र मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहाच समाज आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे इस्रायलला गेलेल्यांचे भारताशी नाते ‘ओसीआय’ कार्डावर टिकते. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे ते मिळण्यात येणारी अडचण दूर करण्याची घोषणा २०१७मध्ये पंतप्रधान मोदींनी तेल अवीव येथे केली. तिकडे स्थायिक झालेले लोक ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवतात. घरात शुभकार्य असले की एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मालिदा होतो. त्याला बसणाऱ्या प्रत्येकाची श्रद्धा कोणी तपासत नाही.

सरकारी अर्ज मात्र ओळख धर्माच्याच रकान्यात विचारतो. ज्याची श्रद्धा नाही, पण आडनाव, सण आणि पूर्वजांची दफनभूमी आपली वाटते, त्याच्यासाठी वेगळा रकाना नाही. त्याने तेथे ‘ज्यू’ लिहिले तर समाज मोजला जातो, रिकामा सोडला तर आकडा आणखी घटतो. लाखोंच्या समाजात अशा एका नोंदीने फरक पडत नाही. राज्यात अडीच हजारांच्या आसपास उरलेल्या समाजात तो पडतो.