रिकाम्या ट्रकची मागील बाजू उतरविण्याविषयी

वसई-विरारच्या पूर्वेकडून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर माल पोहोचवून रिकामे परतणारे छोटे ट्रक पाहिले असता त्यांची मागील बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच दिसते. हा दोष नव्हे. मागचे कमानपाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने घडविलेले असतात. भार चढला म्हणजे ते दबतात व गाडी सपाट होते. रिकामी असतानाच ती सपाट दिसावी, या हौसेने मागील बाजू खाली आणली, तर भारासाठी राखलेले अंतर आधीच खर्ची पडते.

सर्वांत स्वस्त व सर्वांत वाईट उपाय म्हणजे एखादा पाटा काढणे. एकसारख्या ८ पाट्यांतील १ काढल्यास त्याच भाराखाली कमान सुमारे १४ टक्के अधिक दबते, आणि उरलेल्या प्रत्येक पाट्यावरील ताणही त्याच प्रमाणात वाढतो. शॅकल बदलल्यास कमानीचे एकच टोक सरकते. म्हणून तेथील फरकाच्या सुमारे निम्माच फरक ॲक्सलपाशी मिळतो. कमानीखालचा ॲक्सल कमानीच्या वर बसविणे हा तिसरा मार्ग. त्यात कमानीचा ताठपणा टिकतो. परंतु ॲक्सल चासीच्या फार जवळ येतो, आणि पाचर घालून त्याचा कल न सुधारल्यास फिरत्या शाफ्टच्या सांध्यांवर ताण येतो.

खरा धोका मात्र ब्रेकमध्ये आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. अनेक मालवाहू गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमी-अधिक करणारी झडप असते. भार किती, हे तिला चासी व ॲक्सल यांतील अंतरावरून कळते. चासी खाली आणली की रिकामी गाडीही तिला भरलेली भासते व मागील चाकांना जादा दाब मिळतो. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर ही हलकी चाके पुढच्या चाकांआधीच जखडतात; मग त्यांची आडवी पकड सुटून गाडीची पाठ फिरते. झडपेचा दांडा नव्याने जुळविता येतो, हे खरे. पण पाटा काढला असेल, तर भार व अंतर यांचे मूळ प्रमाणच बदललेले असते, आणि दांडा जुळवून ते परत येत नाही.

शिवाय पुढील दिव्यांचा झोत वर उचलला जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या व नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला.